एमडी-पीएचडीसाठी अर्ज कुठे करायचे? खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

नीटचा निकाल लागला की फोन सुरू होतात, आणि इंटर्नशिप संपत आली की पुन्हा. धुळे, जळगाव, शहादा, अमळनेर. एकदा तर धडगावहून, बोलणं तीनदा तुटत तुटत. मी यावलकडचा, केळीच्या पट्ट्यातला. आधी एमबीबीएस, मग पीएचडी आणि मग बराच उशिरा एमडी, अशा उलट्यासुलट्या रस्त्याने आलो, म्हणून लोक मला विचारतात. तेच ते प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत. एखाद्या गोष्टीचं सविस्तर उत्तर दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. एमडी-पीएचडी म्हणजे नेमकं काय? एमडी झाल्यावर पीएचडी केली की तेच ना?

नाही, आणि सगळा घोळ 'एमडी' या दोन अक्षरांतून होतो. आपल्याकडे एमडी म्हणजे एमबीबीएसनंतरची तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी. अमेरिकेत एमडी ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी, म्हणजे आपल्या एमबीबीएसच्या जागी असलेली. तिथे एकाच प्रवेशात दोन्ही पदव्या मिळतात: साधारण दोन वर्षं वैद्यकाची पुस्तकं, मग तीन ते पाच वर्षं लॅब आणि पीएचडी, मग परत दोन वर्षं वॉर्ड. सरासरी आठ वर्षं धरा. रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं तज्ज्ञ होण्याचं प्रशिक्षण, त्याच्यापुढे वेगळी. १९६४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, या शिक्षणाला पैसे द्यायला सुरुवात केली. त्या योजनेला एमएसटीपी म्हणतात आणि आज पन्नासहून जास्त संस्था तिच्यात आहेत.

भारतात असा एकसारखा, मोठा जोड अभ्यासक्रम नाही. इथे माणूस एमबीबीएस, पीएचडी आणि एमडी हे तुकडे आपापल्या क्रमाने जोडतो. त्यामुळे 'कोणत्या प्रोग्रामला अर्ज करू' असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, 'तू आत्ता कुठल्या पायरीवर आहेस?'

२. मी बारावीला आहे. आत्तापासून अमेरिकेच्या एमडी-पीएचडीची तयारी करू का?

तिथे हा प्रवेश बारावीनंतर मिळत नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही परीक्षा, मग एएमकॅस या सामाईक पोर्टलवरून अर्ज. एएमकॅस भारतातल्या कॉलेजच्या गुणपत्रिका तपासून घेत नाही आणि बहुतेक मेडिकल कॉलेजांना अमेरिका-कॅनडातल्या कॉलेजात घेतलेलं शिक्षण लागतं. शिवाय एमएसटीपीचा सरकारी पैसा फक्त नागरिकांसाठी आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी आहे. काही कॉलेजं स्वतःच्या निधीतून परदेशी विद्यार्थी घेतात. न्यूयॉर्कमधला वेल कॉर्नेल, रॉकफेलर आणि स्लोन केटरिंगचा एकत्रित प्रोग्राम त्यातला एक. पण देशभरात मिळून दर वर्षी सातशेच्या आसपासच मुलं या रस्त्याला लागतात. त्यात परदेशी किती उरत असतील याचा अंदाज बांधा.

बारावीत असाल तर नीट द्या. अमेरिकेत पदवीला जायचं ठरलेलंच असेल तरीही द्या. का ते प्रश्न ९ मध्ये आहे.

३. मग एमबीबीएस झालेल्याने परदेशाचा विचारच करायचा नाही का?

करायचा, पण दुसऱ्या दाराने. एमबीबीएसवाल्याने अमेरिकेत पुन्हा पहिल्यापासून एमडी करणं म्हणजे पिकलेला घड उतरवून परत कंद लावण्यासारखं आहे. तुमच्यासाठी दोन वाटा. एक, थेट बायोमेडिकल पीएचडी. तिला परदेशी मुलांना घेतात आणि स्टायपेंड देतात. दोन, यूएसएमएलई ही तिथली डॉक्टरी परवान्याची परीक्षा देऊन रेसिडेन्सी, आणि त्यातही संशोधनासाठी वेळ राखून ठेवलेले ट्रॅक. तिकडे त्यांना पीएसटीपी म्हणतात. हे ट्रॅक बहुधा आधीच पीएचडी किंवा भक्कम संशोधन झालेल्यांना मिळतात.

जर्मनीत हॅनोव्हर मेडिकल स्कूलचा 'मॉलिक्युलर मेडिसिन' हा एमडी/पीएचडी प्रोग्राम इंग्रजीत चालतो आणि परदेशी डॉक्टरांना घेतो. आपल्या मुलांच्या यादीत तो फारसा दिसत नाही, दिसायला हवा. सिंगापूरच्या ड्यूक-एनयूएसमध्ये एमडी-पीएचडी आहे, पण त्यातही एमडी पहिल्यापासूनच करावी लागते. केंब्रिजचा एमबी-पीएचडी मुख्यतः तिथेच वैद्यक शिकणाऱ्यांसाठी आहे, तो सोडून द्या.

४. भारतात एमबीबीएसवर थेट पीएचडी मिळते? एमएस्सी लागत नाही?

मिळते, आणि हे आपल्या कॉलेजांत फारसं कोणी सांगत नाही. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेला एमबीबीएस ५५ टक्क्यांवर चालतं (राखीव प्रवर्गांना सवलत आहे). लाइफ सायन्सेसमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली की सीएसआयआरच्या प्रयोगशाळा आणि अनेक विद्यापीठं उघडतात. बंगळूरचं एनसीबीएस, म्हणजे जीवशास्त्राचं राष्ट्रीय संशोधन केंद्र, एमबीबीएसला थेट पीएचडीला बसू देतं. मेंदू आणि मज्जासंस्थेत रस असेल तर निम्हान्सच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, संस्था तर आपल्या राज्यातच आहेत: पुण्यात विषाणू संस्था एनआयव्ही, मुंबईत परळला केईएमच्या आवारात रक्तविकारांची एनआयआयएच, आणि परळलाच प्रजनन व बालआरोग्याची संस्था. एमडी झाल्यावर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून पीएचडी करणारेही पुष्कळ आहेत.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेबद्दल सतत विचारणा होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे ४२५ कोटींची देणगी जाहीर झाली, ८०० खाटांचं हॉस्पिटल आणि एमडी-पीएचडीसारखे जोड अभ्यासक्रम आखले गेले. कल्पना उत्तम आहे. पण प्रवेशाची जाहिरात स्वतः वाचल्याशिवाय कोणतीही जागा यादीत टाकू नका. व्हॉट्सॲपवर आलेली कात्रणं म्हणजे जाहिरात नव्हे.

५. यादी बनवताना काय बघायचं? मोठं नाव असलेली संस्था आधी, असंच ना?

मीही असंच केलं होतं. नाव मोठं, इमारत मोठी, गावात पेढे वाटले. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस गाइड निवृत्त झाले. हे त्यांना माहीत होतं, ऑफिसला माहीत होतं, मला नव्हतं. नवा गाइड, नवा विषय, एथिक्स कमिटीची नवी मंजुरी यात अकरा महिने गेले. माझा रूममेट छोट्याशा संस्थेत, ज्यांचं नाव वर्तमानपत्रात कधी येत नाही अशा बाईंच्या हाताखाली गेला आणि साडेचार वर्षांत थीसिस देऊन मोकळा झाला. तेव्हापासून मी संस्था बघत नाही, गाइड बघतो. डॉक्टरी कुठल्याही बऱ्या कॉलेजात साधारण सारखीच शिकवली जाते. पीएचडी मात्र एका माणसाजवळ बसून शिकायची असते.

तर आधी संस्थांची यादी करूच नका. आधी आपला प्रश्न एका वाक्यात मराठीत लिहा. मग पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर त्या प्रश्नावर गेल्या पाच वर्षांत कोण लिहितंय ते शोधा. पंधरा-वीस नावं निघतील. मग शोधगंगा उघडा. भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात. त्या गाइडच्या हाताखाली किती जणांनी प्रबंध दिले, कोणत्या साली दिले, विषय काय होते, सगळं दिसतं. दहा वर्षांत एकही प्रबंध नसेल तर कारण विचारा. अमेरिकेतल्या लॅबसाठी एनआयएच रिपोर्टर हे संकेतस्थळ आहे. कोणाला किती अनुदान आहे आणि ते कधी संपतंय, ते तिथे कोणालाही बघता येतं. तुम्ही पोचायच्या आत पैसा संपणार असेल तर ती लॅब यादीत खाली.

यानंतर जे काम आहे ते आपली मुलं लाजेने टाळतात: त्या लॅबमधल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला फोन करणं. गाइडला नको, विद्यार्थ्याला. गाइड निवृत्त कधी होणार आहेत, आठवड्यातून किती वेळा भेटतात, तुमच्या आधीचा कुठे नोकरीला लागला, कोणी मध्येच सोडून गेलं का, पेपरवर पहिलं नाव कोणाचं लागतं, एवढं विचारा. शेवटच्या प्रश्नानंतर पलीकडे थोडी शांतता पसरली तर उत्तर मिळालं असं समजा.

डॉक्टर उमेदवाराने आणखी एक गोष्ट पाहायची. पीएचडीच्या काळात ओपीडीशी संबंध राहतो का? पाच वर्षं स्टेथोस्कोप हातात नाही आणि मग एकदम वॉर्ड, हे फार अवघड जातं. अमेरिकेतले बरे प्रोग्राम लॅबच्या वर्षांतही मुलांना अधूनमधून क्लिनिकला पाठवतात. इथे ते तुम्हालाच ठरवून घ्यावं लागतं. आणि उलट बाजूही बघा: काही ठिकाणी 'डॉक्टर आहेस ना' म्हणून संशोधकालाच ड्युटीला जुंपतात. दोन्हींची लेखी माहिती घ्या.

६. मी नंदुरबारचा. घरात सिकलसेल आहे आणि मला त्यावरच काम करायचंय. कुठे अर्ज करू?

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण यादीचं निम्मं काम झालेलं असतं. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात हिमोग्लोबिनच्या बीटा-ग्लोबिन साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं. एवढासा बदल, पण त्याच्याभोवती निदान चार वेगळे संशोधनविषय आहेत, आणि प्रत्येकाची जागा वेगळी.

एकच जनुकीय बदल असूनही एका पेशंटला वर्षातून सहा वेळा कळा येतात आणि दुसऱ्याला एकदाही नाही, हे का, असा तुमचा प्रश्न असेल तर रक्तविकारांवर काम करणारी प्रयोगशाळा हवी. एनआयआयएचने पश्चिम आणि मध्य भारतातल्या आदिवासी भागांत या आजारावर बरीच वर्षं काम केलंय. जनुक दुरुस्त करायचा असेल तर दिल्लीचं आयजीआयबी ही जनुकशास्त्राची संस्था किंवा वेल्लोरचं सीएमसी हॉस्पिटल आणि तिथलं स्टेम सेल केंद्र. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये क्रिस्पर या जनुक संपादनाच्या तंत्रावर आधारलेल्या पहिल्या उपचाराला परवानगी मिळाली, पण तो अक्कलकुव्याच्या माणसाच्या खिशाला कसा परवडेल हा प्रश्न अजून कोणाच्याच टेबलावर सुटलेला नाही. हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरच्या औषधाच्या गोळ्या पाड्यापर्यंत का पोचत नाहीत, लोक त्या मध्येच का सोडतात, हा तुमचा प्रश्न असेल तर जनुकांची लॅब काही कामाची नाही. प्रश्न १२ बघा. आणि १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांची तपासणी ठरली होती. त्या माहितीचं पुढे काय होतं हा साथरोगशास्त्राचा विषय.

मुलाखतीत 'घरात सिकलसेल आहे' हे सांगायला संकोच करू नका. पण तिथेच थांबूही नका. भावाच्या दुखण्याची गोष्ट सांगून झाल्यावर त्यातून तुमच्या डोक्यात कोणता प्रश्न तयार झाला ते सांगता आलं पाहिजे.

७. किती ठिकाणी अर्ज करावेत?

भारतात सहा ते आठ, प्रत्येक ठिकाणी किमान दोन गाइड आवडलेले असतील तरच. एकच गाइड आवडलाय अशी संस्था जोखमीची; माझी गोष्ट वाचलीच. अमेरिकेत पदवी घेतलेले, एमडी-पीएचडीला पात्र असलेले लोक सहसा बारा ते वीस ठिकाणी अर्ज करतात. तिथे पहिल्या कॉलेजला सध्या १७५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला पन्नासच्या अलीकडे-पलीकडे मोजावे लागतात, दुय्यम अर्जांचं शुल्क वेगळं. संशोधनाच्या अनुभवावर १०,००० अक्षरांचा निबंध असतो, आणि 'दोन्ही पदव्या का हव्यात' यावर ३,००० अक्षरांचा. दुसरा लिहिता येत नसेल तर एकच पदवी पुरेशी आहे असं समजायला हरकत नाही.

८. आधी एमडी की आधी पीएचडी?

माझं मत: क्लिनिकल विषयात राहायचं असेल तर आधी एमडी किंवा एमएस. नीट-पीजीचा अभ्यास ताजा असतो, हात बसतात, आणि पेशंट बघून बघून प्रश्न धारदार होतो. पीएचडी आधी केली तर पाच वर्षांनी पुन्हा एमसीक्यू सोडवत बसावं लागतं. मी बसलो आहे. वयाने सात वर्षं लहान मुलांशेजारी, रात्री अकराला, फार्माकोलॉजी.

अपवाद आहे. पेशंटपेक्षा पेशीतच जास्त रमत असाल, बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला वेळ संपल्याचं कळलं नसेल, तर आधी पीएचडी. फक्त एक लक्षात ठेवा: पीएचडीने तज्ज्ञ डॉक्टर होता येत नाही. मेडिसिनची किंवा बालरोगाची प्रॅक्टिस करायला एमडी किंवा तिच्या तोडीची डीएनबीच लागते, नावामागे आधीच एक 'डॉ.' असला तरी.

९. एजंट म्हणतो, अमुक देशात सहा वर्षांत एमडी-पीएचडी मिळते, नीटचं नंतर बघू. खरं का?

नाही. त्या देशांतली 'एमडी' म्हणजे एमबीबीएसच्या तोडीची पहिली पदवी (प्रश्न १). तिच्यावर पीएचडीचं लेबल चिकटवून फी वाढवतात. नीट-यूजी पात्र झाल्याशिवाय परदेशातली वैद्यकीय पदवी घेतलीत तर भारतात प्रॅक्टिसला नोंदणी मिळत नाही. २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिने शिक्षण, तिथेच १२ महिने इंटर्नशिप, इंग्रजी माध्यम, त्या देशात प्रॅक्टिसची परवानगी मिळेल अशी पदवी, आणि परत आल्यावर परीक्षा व आणखी वर्षभर इंटर्नशिप, हे सगळं लागतं. यातलं एक जरी 'मॅनेज होऊन जाईल' असं कोणी म्हणालं तर चहा संपवून उठा.

१०. 'भो, धा वरीस शिकीसनी पोऱ्या डॉक्टर हुई का मास्तर?' (एका मुलाच्या वडिलांचा प्रश्न, अमळनेरहून)

काका, दोन्ही होईल, पण पैसा उशिरा दिसेल. सरळ हिशोब सांगतो. अठराव्या वर्षी एमबीबीएस, साडेपाच वर्षं. सरकारी कॉलेजच्या बॉण्डचं, म्हणजे ग्रामीण सेवेचं, एक. पीएचडी पाच, एमडी तीन. साडेबत्तीस होतात. जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहे, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. त्याच वयाचा रेसिडेंट डॉक्टर याच्या दुपटीहून जास्त मिळवतो, आणि वर्गमित्राने चोपड्यात हॉस्पिटल टाकलेलं असतं. घरावर कर्ज असेल, बहिणीचं लग्न असेल, तर हे आधी बोलून घ्या. फेलोशिप नसलेली पीएचडी मात्र घेऊच नका. 'आधी जॉइन हो, पैशांचं बघू' म्हणणारा गाइड कितीही विद्वान असो.

११. सरकारी कॉलेजचा एक वर्षाचा बॉण्ड बाकी आहे. आधी पीएचडीला जाता येईल?

आधी बॉण्ड उरका. ग्रामीण सेवेचं ते वर्ष वाया जात नाही. मोलगीच्या किंवा बोराडीच्या दवाखान्यात जे प्रश्न सुचतात ते ग्रंथालयात सुचत नाहीत. फक्त जेआरएफला वयाची अट असते, जाहिरातीतली तारीख आणि आपली जन्मतारीख शेजारी शेजारी ठेवून बघा. बॉण्डचे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा आपल्या बॅचचा शासन निर्णय वाचा, सिनियरचा नको.

१२. मला लॅबमध्ये रस नाही. कुपोषण, स्थलांतर, ऊसतोडीला जाणाऱ्यांचं आरोग्य, यावर काम करायचंय. हेही एमडी-पीएचडीत बसतं का?

बसतं. हार्वर्डमध्ये पॉल फार्मर यांनी एमडीसोबत मानववंशशास्त्रात पीएचडी केली, १९९० मध्ये दोन्ही पदव्या मिळाल्या, आणि हैतीत क्षयरोगावर केलेलं त्यांचं काम जगाने पाहिलं. अमेरिकेत काही प्रोग्राम समाजशास्त्राला मुभा देतात, सगळे देत नाहीत. अर्जाआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांची यादी बघा. त्यात एकही समाजशास्त्रवाला नसेल तर पहिला बनायचा हट्ट करू नका.

भारतात त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेतलं अच्युत मेनन केंद्र, दिल्लीच्या जेएनयूतलं सामाजिक वैद्यक केंद्र आणि मुंबईचं टिस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था, या तीन ठिकाणांपासून सुरुवात करा. गाइड निवडायची रीत प्रश्न ५ मधलीच, फक्त त्यांनी शेवटचं फिल्डवर्क कधी केलं हेही विचारा.

१३. मी मुलगी आहे. लग्न आणि मूल यांचं गणित बसणार नाही असं घरचे म्हणतात.

नियम तुमच्या बाजूने आहेत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीला किमान तीन, कमाल सहा वर्षं आहेत. स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा. नियम कागदावर असतात, म्हणून प्रश्न ५ मधल्या फोनवर एक प्रश्न वाढवा: या लॅबमध्ये रजा घेतलेली कोणी आहे का, आणि परत आल्यावर तिचा प्रयोग तिच्याकडेच राहिला का?

१४. आमच्या कॉलेजात संशोधनाची सोय नाही. अर्जात काय लिहू?

जळगावचं सरकारी कॉलेज २०१८ चं, नंदुरबारचं २०२० चं. मुंबई-पुण्याएवढी साधनं लगेच कुठून येणार? पण पेशंट तर आहेत. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची एसटीएस ही दोन महिन्यांची योजना आहे. कॉलेजातल्या एका प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली छोटा प्रकल्प करायचा. सर्पदंशाचा पेशंट किती वेळाने दवाखान्यात येतो, कापूस फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे किती येतात, असे विषय चालतात. प्रकल्प फसला तरी लिहा. का फसला हे नीट सांगणारा मुलगा मुलाखतीत लक्षात राहतो. मराठी माध्यमाचं म्हणाल तर मुलाखत घेणारे उच्चार ऐकत नाहीत, युक्तिवाद ऐकतात. निदान चांगले तरी.

१५. खरं सांगा, पीएचडी नसली तर संशोधन करताच येत नाही का?

येतं. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला. ते एमडी, पीएचडी नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत तपासली आणि १९९९ मध्ये ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. दोघांकडे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची सार्वजनिक आरोग्याची पदवी होती. प्रश्न पक्का असेल आणि तो पेशंटजवळ राहूनच सुटणार असेल तर एमडीचा थीसिस मनापासून करा, आणि गरज वाटली तर सार्वजनिक आरोग्याची एक-दोन वर्षांची पदवी.

पीएचडी लागते ती पद्धतच नवी शिकायची असेल तेव्हा: जनुक संपादन, प्रोटीनची रचना, मोठ्या आकडेवारीचं गणित. मागच्या महिन्यात शिरपूरच्या एका इंटर्नने हाच प्रश्न विचारला होता. तासभर बोललो, तिने अकरा संस्थांची यादी पाठवली, मी ती परत केली आणि प्रश्न एका वाक्यात मागितला. काल तो आला. आता त्या यादीतल्या तीनच उरल्या आहेत, आणि एक नवी वाढली आहे.